लेयरचा पसारा आणि मळकट सावल्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलांच्या पुस्तकासाठी पानभर चित्र घेतलंय. पावसातलं एसटी स्टँड, तिन्हीसांजेची वेळ, लाल गाडीचे दिवे लागलेले, छत्र्या घेऊन उभी माणसं. लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर) नव्वदीच्या पुढे गेलेत आणि हवा तो सापडत नाही. मल्टिप्लाय मोडवर सावली टाकली की रंग मळतात, दिव्याचा उजेड पांढराफटक पडतो, आणि छपाईसाठी सीएमवायके (चार शायांची रंगव्यवस्था) केलं की चित्र ओळखू येत नाही. लेयर कसे लावायचे आणि कुठला ब्लेंडिंग मोड (वरचा लेयर खालच्यात मिसळायची रीत) कुठे वापरायचा?

आधी लेयरचं बोलू. वेगळा लेयर म्हणजे पुढे ढकललेला निर्णय. छत्री नंतर दोन बोटं डावीकडे सरकवावी लागेल असं वाटत असेल तर छत्रीला लेयर द्या. शर्टाच्या गुंड्या शर्टाला सोडून कधीच सरकणार नाहीत, मग त्यांना वेगळा लेयर कशाला? नव्वद लेयर झालेत याचा अर्थ नव्वद गोष्टी तुम्ही अजून ठरवलेल्या नाहीत. फोटोशॉपमध्ये लेयर आले ते १९९४ साली, ३.० या आवृत्तीत. त्याआधी पडद्यावर रंग लावला की तो लागला. तेव्हाचे दिवस चांगले होते असं मुळीच नाही, पण त्या माणसांना कुठलीही गोष्ट ठरवूनच टाकावी लागे, आणि ती सवय आजही उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट लावण्याची. बऱ्याच व्हिडिओंत शिकवतात की सगळ्या रेषा एका फोल्डरमध्ये, सगळे सपाट रंग दुसऱ्यात, सगळ्या सावल्या तिसऱ्यात. एकट्या पात्राच्या चित्राला हे चालतं. स्टँडसारख्या गर्दीच्या चित्रात मात्र अंगाशी येतं, कारण गाडी माणसांच्या मागे आहे आणि पाऊस दोघांच्या मधेही पडतोय. सावल्या सगळ्या एकत्र असल्या की एक माणूस सरकवायला तीन फोल्डर उघडावे लागतात. म्हणून पहिली वाटणी अंतराप्रमाणे करा: सगळ्यांत खाली आकाश आणि स्टँडची इमारत, त्यावर गाडी, त्यावर माणसं, त्यावर पाऊस आणि उजेड, आणि सगळ्यांत वर शेवटच्या रंगदुरुस्त्या. फोल्डर पाच. रेषा-रंग-सावली ही वाटणी प्रत्येक फोल्डरच्या आत, आणि आतला क्रम सगळीकडे सारखा. तो सारखा राहिला की शोधाशोध निम्म्याने कमी होते, कारण कुठल्याही फोल्डरमध्ये सावली कितव्या जागी आहे हे न बघता कळतं.

फोल्डरमधला सगळ्यांत खालचा लेयर फार महत्त्वाचा. तिथे त्या वस्तूचा पूर्ण आकार एका सपाट, अपारदर्शक रंगात भरायचा. गाडी म्हणजे टायर, काचा, टपावरचा कॅरियर, सगळं धरून एकच ठोकळा. हा भरताना भडक जांभळा-गुलाबी घ्या, म्हणजे कुठे भोक राहिलं तर लगेच दिसतं. खरा रंग नंतर. एकदा हा आकार झाला की वरचं सगळं त्याला क्लिप करायचं. लाल रंग, चिखलाचे शिंतोडे, सावली, काचेतला उजेड, काहीही आकाराबाहेर जात नाही आणि कडा एकाच ठिकाणी सांभाळावी लागते. फोटोशॉप, क्लिप स्टुडिओ पेंट आणि प्रोक्रिएट यांत क्लिपिंग साधारण सारखंच चालतं: वरचा लेयर खालच्या एका लेयरच्या आकारात राहतो.

क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र इथेच नवे लोक अडतात. तिथे 'इनहेरिट अल्फा' खालच्या एका लेयरचा आकार घेत नाही, त्याच ग्रुपमध्ये (म्हणजे फोल्डरमध्ये) खाली जे जे आहे त्या सगळ्यांचा मिळून घेतो. ग्रुप न करता वापरलं तर खालच्या पूर्ण भरलेल्या पार्श्वभूमीचा आकार मिळतो, म्हणजे अख्खं पान, आणि बटण दाबूनही काही झालं नाही असं वाटतं. आधी ग्रुप करा, आत सगळ्यांत खाली आकार ठेवा, मग वरच्यांना इनहेरिट अल्फा द्या. कंट्रोल-शिफ्ट-जी दाबलं की क्रिता हे सगळं स्वतःच मांडून देतं.

सपाट रंग भरताना बकेट टूलला रेषेचा लेयर संदर्भ म्हणून द्या आणि रंग मात्र वेगळ्या लेयरवर टाका. क्लिप स्टुडिओत आणि प्रोक्रिएटमध्ये यासाठी रेफरन्स लेयरची सोय आहे. भरलेला भाग रेषेच्या खाली एक-दोन पिक्सेल आत जाऊ द्या, नाहीतर रेषा आणि रंग यांच्यामधे पांढरी कड चमकते. या सपाट रंगांना अँटी-अलायझिंग (कडा मऊ करायची सोय) लावू नका. कडा दातेरी दिसतील, पण त्या रेषेखाली झाकल्या जातात, आणि नंतर मॅजिक वाँडने गाडीचा लाल भाग निवडायचा तर तो एका क्लिकमध्ये स्वच्छ निवडला जातो.

नावांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दोन शब्द पुरतात, वस्तू आणि काम: 'गाडी सावली', 'छत्री रेषा'. मोडचं नाव लिहायची गरज नाही, ते पॅनेलमध्ये दिसतंच. 'लेयर ४७ कॉपी २' दिसला की त्याच क्षणी त्याला नाव द्या किंवा तो खालच्यात मर्ज करा, म्हणजे मिसळून एक करा. शोधायची वेळ आलीच तर फोटोशॉपमध्ये मूव्ह टूल घेऊन चित्रावर राइट-क्लिक करा, त्या ठिकाणच्या लेयरची यादी येते. क्रितामध्ये आर दाबून क्लिक केलं की तो लेयर निवडला जातो. फोटोशॉपमध्ये ऑल्ट धरून लेयरशेजारच्या डोळ्याच्या खुणेवर क्लिक केलं, किंवा प्रोक्रिएटमध्ये लेयरच्या चौकटीतल्या खुणेवर बोट दाबून धरलं, की तेवढाच लेयर दिसतो. भुतासारखे उरलेले ठिपके असेच सापडतात.

मर्ज करायला हात धजत नाही, ही खरी अडचण असते. तिला साधा उपाय आहे: टप्प्याटप्प्याने फाइलची वेगळी प्रत. रेषा झाल्या, प्रत ठेवली. सपाट रंग झाले, प्रत ठेवली. मग चालू फाइलमध्ये बिनधास्त मर्ज करा. मशीनवरचा भारही उतरतो. ए-फोर आकार ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेल होतो. आठ बिटच्या एका पूर्ण भरलेल्या लेयरला मेमरीत सुमारे ३५ एमबी लागतात. रिकामा भाग बहुतेक सॉफ्टवेअर साठवत नाहीत, त्यामुळे छोट्या वस्तूचा लेयर स्वस्त पडतो, पानभर धुक्याचा महाग. प्रोक्रिएटमध्ये तर कॅनव्हासचा आकार आणि आयपॅडची मेमरी यांवर लेयरची कमाल संख्याच ठरलेली असते. आणि फोटोशॉपची पीएसडी फाइल २ जीबीपर्यंतच जाते, पुढे पीएसबी हा मोठ्या फाइलींचा प्रकार घ्यावा लागतो.

आता ब्लेंडिंग मोड. यादी लांबलचक असते, पण तुमच्या चित्राला चार-पाच मोड पुरेत. निवडताना एकच विचारा: इथे उजेड कमी होतोय की वाढतोय? कमी होत असेल तर मल्टिप्लाय, वाढत असेल तर स्क्रीन किंवा ॲड.

मल्टिप्लाय हा नावाप्रमाणे गुणाकार आहे. लाल, हिरवा, निळा यांची प्रत्येकी ० ते २५५ अशी किंमत असते. खालची किंमत गुणिले वरची, भागिले २५५. पांढऱ्याने गुणलं तर काहीच बदलत नाही, म्हणून स्कॅन केलेली पेन्सिलची रेषा मल्टिप्लायवर ठेवली की कागद नाहीसा होतो. बाकी कशानेही गुणलं तरी आकडा खालीच जातो. तुमच्या सावल्या मळण्याचं कारण याच हिशेबात आहे.

गव्हाळ कातडीचा रंग धरा: लाल २००, हिरवा १४०, निळा १०५. त्यावर १६० चा सरळ राखाडी मल्टिप्लाय केला तर १२५, ८८, ६६ मिळतात. तिन्ही सारख्याच प्रमाणात उतरले, म्हणजे तोच रंग, फक्त विझलेला. सावली अशी कधी नसते, तिच्यात दुसरीकडून आलेला थोडा उजेड असतोच. आता राखाडीऐवजी फिकट जांभळा घ्या: १७०, १५०, २००. कातडी होते १३३, ८२, ८२. हिरवा जास्त उतरला, निळा कमी, आणि सावलीला जिवंत, तांबूस झाक आली. त्यामुळे सावलीसाठी राखाडी घेऊच नका. तिन्हीसांजेच्या पावसात सावलीत पोचतो तो आभाळाचा निळसर उजेड, तेव्हा निळा-जांभळा घ्या, आणि तोही फिकट घेऊन ओपॅसिटी (लेयरची अपारदर्शकता) पूर्ण ठेवा. गडद रंग घेऊन ओपॅसिटी तीस टक्क्यांवर आणायची सवय पुष्कळांना असते. त्यात नेमका कुठला रंग गुणला जातोय हे डोळ्यांना कळत नाही.

हाच जांभळा एसटीच्या लाल रंगावर टाकून बघा. गाडीचा रंग २००, ४०, ३५ धरला तर उत्तर येतं १३३, २४, २७. गडद लाल, पण निळ्याचा मागमूस नाही, कारण खाली निळा होताच ३५ आणि गुणाकार तो वाढवू शकत नाही. ओल्या पत्र्यावर आभाळाची जी निळसर चकाकी दिसते ती मल्टिप्लायमधून कधीच येणार नाही. ती उजेडाची भर आहे. सावलीच्या वर आणखी एक लेयर गाडीच्या आकाराला क्लिप करा, स्क्रीनवर ठेवा, आणि टपाच्या कडेला व बॉनेटवर हलका निळा फिरवा. छत्रीचा पिवळा असाच हट्टी. २५०, २१०, ६० हा त्या जांभळ्याने १६७, १२४, ४७ होतो, म्हणजे मातकट तपकिरी. अशा भडक, शुद्ध रंगांची सावली मी सरळ नॉर्मल मोडवर (तिथे वरचा रंग खालच्याला नुसता झाकतो) हाताने रंग निवडून काढतो. पिवळ्याची सावली नारिंगीकडे झुकवली की छत्री छत्री राहते. मोडने वेळ वाचतो हे खरं, पण चित्रातल्या दोन-तीन मुख्य रंगांसाठी तो वाचवू नये.

मळण्याचं आणखी एक कारण म्हणजे सावलीवर सावली. माणसाची सावली एका मल्टिप्लाय लेयरवर, गाडीची दुसऱ्यावर. जिथे त्या एकमेकींवर येतात तिथे गुणाकार दोनदा होतो आणि तिसरा, काळपट पट्टा तयार होतो. एकाच दिव्याच्या किंवा एकाच आभाळाच्या उजेडात असा पट्टा दिसत नाही. जमिनीवरच्या सगळ्या सावल्या एका फोल्डरमध्ये घाला, आतले लेयर नॉर्मलवर आणि एकाच रंगाचे ठेवा, आणि मल्टिप्लाय फोल्डरला लावा. आत कितीही सावल्या एकमेकींवर आल्या तरी गुणाकार एकदाच होतो.

इथेच फोल्डरच्या मोडचा घोळ समजून घ्या. फोटोशॉपमध्ये नवा फोल्डर 'पास थ्रू'वर असतो, म्हणजे आतल्या मल्टिप्लायचा किंवा रंगदुरुस्तीच्या लेयरचा परिणाम फोल्डरबाहेर खालपर्यंत पोचतो. फोल्डर नॉर्मलवर आणला की आतलं सगळं आधी आपापसांत मिसळतं आणि मग एक चित्र म्हणून खाली बसतं. क्लिप स्टुडिओत नवा फोल्डर नॉर्मलवरच असतो, 'थ्रू' आपण निवडायचा. क्रितामध्येही पास थ्रू वेगळा चालू करावा लागतो. त्यामुळे 'फोल्डरमध्ये टाकताच उजेड गायब झाला' ही तक्रार आली की आधी फोल्डरचा मोड बघा. नॉर्मल फोल्डरमध्ये एकटाच ॲड लेयर टाकला तर त्याच्या खाली मिसळायला काही उरत नाही आणि तो साधा रंगाचा थर होऊन बसतो.

दिव्यांकडे वळू. स्क्रीन हा मल्टिप्लायचा उलटा हिशेब: दोन्ही रंग उलटे करून गुणायचे आणि उत्तर पुन्हा उलटं करायचं. ॲड म्हणजे सरळ बेरीज, २५५ ला थांबणारी. फोटोशॉपमध्ये तिचं नाव लिनियर डॉज, क्रितामध्ये ॲडिशन. आता हेडलाइटचा पिवळसर उजेड २५५, २१४, १४० असा घ्या आणि रात्रीच्या निळ्या हवेवर, समजा ३०, ४५, ७० वर टाका. बेरीज केली तर २५५, २५५, २१०: लाल आणि हिरवा दोन्ही छताला टेकले, उरला पांढरट फिका पिवळा. तुमचा पांढराफटक उजेड तो हाच. स्क्रीनमध्ये तेच रंग २५५, २२१, १७२ देतात, दिव्याची ऊब टिकते.

म्हणून दिव्याभोवतीचं मोठं वलय स्क्रीनवर, आणि ॲड फक्त दिव्याच्या काचेपुरता आणि ओल्या डांबरावरच्या चमकत्या ठिपक्यांपुरता. ॲडवर काम करताना रंग मुद्दाम गडद निवडा, मातकट नारिंगीसारखा. लेयरवर तो घाणेरडा दिसतो, बेरजेत बरोबर बसतो. कलर डॉज आणखी हट्टी: खाली काळं असेल तर काळंच राहतं, उजळ असेल तिथे झटकन पेटतं. डबक्यातल्या प्रतिबिंबाला हा गुण चांगला लागू पडतो. क्लिप स्टुडिओत 'ॲड ग्लो' आणि 'ग्लो डॉज' असे दोन जादा मोड आहेत, अर्धपारदर्शक कडांवर ते साध्या भावंडांपेक्षा जास्त पेटतात. त्यांच्यावर बेतलेलं चित्र पीएसडी करून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचं असेल तर चमक तशीच आली का ते तपासा. फोटोशॉपवाल्यांसाठी एक बारकावा: कलर डॉज, लिनियर डॉज, कलर बर्न, लिनियर बर्न, व्हिव्हिड लाइट, लिनियर लाइट, हार्ड मिक्स आणि डिफरन्स या आठ मोडमध्ये 'ओपॅसिटी' आणि 'फिल' (लेयर पॅनेलमधला तसाच दुसरा आकडा) यांचे परिणाम वेगळे होतात. चमक करपल्यासारखी वाटली तर ओपॅसिटी शंभरावर ठेवून फिल खाली आणा, उतार पुष्कळ मऊ होतो.

ओव्हरलेबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. तो खालचा रंग बघून ठरवतो की गुणायचं की उजळायचं. मधल्या राखाडीच्या खाली गुणतो, वर उजळतो. त्यामुळे पूर्ण काळ्या-पांढऱ्यावर काहीच होत नाही आणि मधल्या रंगांचा भडकपणा वाढतो. सगळं चित्र एका सुरात आणायला शेवटी दहा-पंधरा टक्के ठीक. त्याने सावल्या काढू नयेत. आधी सगळं राखाडीत रंगवून वर कलर मोडने रंग चढवायची पद्धत लोकप्रिय आहे, पण कलर मोड खालचा उजळपणा तसाच ठेवतो, आणि गडद राखाडीवरचा पिवळा शेवाळी दिसतो. कलर मोड मी तपासणीला वापरतो: सगळ्यांत वर काळ्याने भरलेला लेयर, मोड कलर. डोळा चालू केला की चित्र राखाडी दिसतं आणि गाडी मागच्या इमारतीत मिसळतेय की नाही ते कळतं. तपासून झालं की डोळा बंद.

पाऊस दोन थरांत करा. लांबचा, बारीक आणि फिका, गाडी आणि माणसं यांच्यामधे. जवळचा, जाड आणि तुरळक, सगळ्यांच्या वर. दोन्ही स्क्रीनवर. पहिली वाटणी अंतराप्रमाणे केली असेल तर हे दोन मिनिटांचं काम आहे. धुकं मात्र नॉर्मलवर. स्क्रीन फक्त उजळतो, पण धुक्यामागे गेलेला दिवा मंदही व्हायला हवा, आणि ते काम झाकणाऱ्या रंगाचं आहे.

राहिली छपाई. ब्लेंडिंगचा हिशेब फाइलच्या रंगव्यवस्थेत होतो. आरजीबीत (पडद्याचे लाल, हिरवा, निळा) तीन आकड्यांचा गुणाकार, सीएमवायकेत चार शाईंचा. लेयर तसेच ठेवून मोड बदलला की प्रत्येक गुणाकार नव्याने होतो, म्हणून तुमचं चित्र बदललं. मूळ फाइल लेयरसकट आरजीबीतच ठेवा. तिची प्रत काढा, प्रत फ्लॅटन करा (सगळे लेयर एकात मिसळा), आणि मग प्रेसने दिलेल्या सीएमवायके प्रोफाइलमध्ये बदला. तुमचा भडक निळा आणि हेडलाइटची चमक थोडी उतरेलच, ती शाईची मर्यादा आहे. पण सावल्या तशाच राहतील. क्लिप स्टुडिओ काम आरजीबीतच करतं आणि निर्यात करताना सीएमवायके देतं. प्रोक्रिएटमध्ये कॅनव्हास बनवतानाच ठरवावं लागतं, मागाहून बदलता येत नाही.

रेषा मात्र या फ्लॅटन केलेल्या प्रतीत घालू नका. आरजीबीचा काळा बदलताना चारही शायांत विभागला जातो, आणि छापताना एखाद्या शाईची प्लेट केसभर सरकली की बारीक रेषेला निळी-तांबडी कड दिसते. मुलांच्या पुस्तकात, जिथे चेहरे चार रेषांत काढलेले असतात, तिथे हे फार खुपतं. रेषांचे सगळे लेयर एकत्र करून वेगळे काढा, त्यांना फक्त काळी शाई शंभर टक्के द्या, आणि रंगांवर ओव्हरप्रिंट ठेवा, म्हणजे खालचा रंग न कापता काळं वरून छापलं जातं. प्रत्येक फोल्डरमध्ये रेषा ठरलेल्या जागी असतील तर ती काढायला वेळ लागत नाही. गाडीमागच्या लांबच्या इमारतीच्या रेषा तुम्ही निळसर रंगवल्या असतील तर त्या रंगाबरोबरच राहू द्या, फक्त काळ्या तेवढ्या वेगळ्या करा. ओव्हरप्रिंट तुमच्याकडे लावायचा की प्रेसवाले लावणार, हे फाइल पाठवण्याआधी त्यांना फोन करून विचारा. दोघांनीही गृहीत धरलं की तो कुणीच लावत नाही.